मॉर्फिनचा गुण येईना झाला तेव्हा : सांगलीतलं एक प्रकरण

रुग्ण ५८ वर्षांचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहण्यात उमेद गेलेली. घरीदारी सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच म्हणतो. ओळख पटू नये यासाठी वय, घरची माणसं, कामधंदा यांत बदल केले आहेत, आणि एकापेक्षा जास्त रुग्णांचे अनुभव इथे एकत्र बांधले आहेत. औषधं, डोस आणि शरीरानं दिलेली खूण मात्र जशीच्या तशी.

विशीपासून तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरायची सवय. गाठ आली तीही तिथंच. मिरजेत ऑपरेशन झालं. गाल आणि जबड्याचा भाग काढला, छातीवरचा स्नायू कातडीसकट वर आणून भोक बुजवलं, मग सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. वर्ष बरं गेलं. त्यानंतर कानाखाली पुन्हा गाठ उगवली आणि या खेपेला ती काढता येण्यासारखी नव्हती. कमी डोसच्या केमोच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुखण्यासाठी आबा आमच्या वेदनाशमन ओपीडीत आले.

त्यांच्या दुखण्याची तऱ्हा तोंडाच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिसते तशीच. बसल्या जागी बेताचं, पण बोलायला तोंड उघडलं किंवा घोट गिळला की कानापर्यंत सणक. भडंग खाणारा माणूस पेजेवर आला होता. पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल यांनी भागेना, तेव्हा अफूपासून बनणारं मॉर्फिन सुरू केलं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, दर वेळी १० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि मधे झोपमोड नको म्हणून रात्री दहाला दोन. दिवसाचे ६० मिलिग्रॅम. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिन आणि बद्धकोष्ठ यांची जोडी ठरलेली. आठवड्याभरात दुखणं दहापैकी तीनवर आलं. आबा नातवाशी बोलायला लागले, दुपारी कट्ट्यावर बसायला लागले. पुढचे दोन महिने त्याच डोसवर गेले. आमच्या कामात याला उत्तम म्हणतात.

मग एका रात्री साडेबाराला सून आणि शेजारचा पोरगा त्यांना रिक्षात घालून घेऊन आले.

त्या रात्री काय दिसलं

आबा कॉटवर पाय आपटत होते. दुखणं किती, विचारल्यावर नऊ बोटं दाखवली. नाडी ११८, रक्तदाब १६०/९६, श्वास मिनिटाला २६, ताप नाही. संध्याकाळपर्यंत माणूस ठीक होता. दहाच्या गोळ्या घेतल्यावर तासाभरात घाम, मळमळ, पोटात पिळा, मग जुलाब. आदल्या रात्रीही असंच झालं होतं, पण पहाटे आपोआप उतरलं म्हणून घरच्यांनी ‘पोट बिघडलं असंल’ म्हणून सोडून दिलं होतं.

सुनेचं वाक्य केसपेपरवर तसंच लिहिलेलं आहे : ‘‘डॉक्टर, कालपास्नं गोळीचा गुणच येईना झालाय बघा. गोळी घेतली की उलट वाढतंय.’’

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी जो विचार केला तो कुणीही केला असता. आजार कवटीच्या तळाशी पसरला असेल, गाठीत पू झाला असेल, किंवा साधी गॅस्ट्रो असेल आणि उलटीतून गोळ्या पडून गेल्या असतील. त्यांनी शिरेतून मॉर्फिन दिलं. काही फरक नाही. थोड्या वेळानं पुन्हा दिलं. तरी नाही. तेव्हा मला फोन आला.

मी पोचेपर्यंत कोडं अर्धं सुटलेलं होतं, आणि ते सोडवलं रात्रपाळीच्या सिस्टरनी. जखमेतून रक्त येतंय का हे बघायला त्यांनी टॉर्च लावला, तो सहज डोळ्यांवरून फिरला. बाहुल्या मोठ्या. मॉर्फिनवर असलेल्या माणसाच्या बाहुल्या बारीक असतात, टाचणीच्या टोकाएवढ्या. महिनोन् महिने मॉर्फिन घेतलं तरी हा परिणाम फारसा ओसरत नाही. नुकतंच दोनदा शिरेतून मॉर्फिन गेलेल्या माणसाच्या बाहुल्या अंधारात उभ्या असल्यासारख्या फाकलेल्या असतील, तर मॉर्फिन शरीरात आहे पण जागेवर पोचत नाही, असाच त्याचा अर्थ. सिस्टरनी आणखी एक दाखवलं. दंडावर काटा आला होता, नाकातून पाणी गळत होतं, आणि इतक्या कळा येत असतानाही आबा मधूनच जांभया देत होते. दुखण्यानं जांभई येत नाही. गॅस्ट्रोनंही नाही. अफूवर्गातलं औषध अचानक तुटलं की येते.

पण औषध तुटलं नव्हतं. गोळ्यांची पाकिटं मोजली, हिशेब बरोबर होता.

‘‘दुसरं कुठलं औषध चालू केलंय का?’’ या प्रश्नाला सून ‘न्हाई’ म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. मी प्रश्न बदलला. रात्री जेवल्यापासून झोपेपर्यंत आबांच्या तोंडात काय काय गेलं, ते क्रमानं सांगा. पेज. हळद घातलेलं दूध, दोन घोट. मॉर्फिनच्या दोन गोळ्या. ‘‘आणि ते प्रतिकारशक्तीचं पाणी. ते काय औषध न्हवं. ह्यांनी चाकणवरनं पाठवलंय.’’

शेजारच्या पोराला घरी पिटाळलं. तो फ्रिजमधून खोकल्याच्या औषधाची धुऊन घेतलेली बाटली आणि सुई काढलेली सिरिंज घेऊन आला. बाटलीवर पट्टी चिकटवून मुलानं निगुतीनं लिहिलं होतं : ५० मिली पाणी, १ गोळी, रोज रात्री साडेचार मिली. गोळी कसली, ते फोनवर कळलं. नॅलट्रेक्सोन, ५० मिलिग्रॅम.

नॅलट्रेक्सोन आत गेल्यावर

मॉर्फिन चेतापेशीवरच्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्यासाठीच्या ठरलेल्या जागेवर, बसून काम करतं. नॅलट्रेक्सोनही तिथेच बसतं, मॉर्फिनपेक्षा घट्ट बसतं, पण काम काहीच करत नाही. आमच्याकडच्या वडापचं, म्हणजे शेअर जीपचं, उदाहरण घ्या : दांडगा गडी आला, आधी बसलेल्याला उठवून जागा बळकावली, आणि भाडंही देत नाही न् उतरतही नाही. मग मागून तुम्ही कितीही मॉर्फिन पाठवा, ते रस्त्यावरच उभं राहतं. ज्या शरीराला दोन महिने मॉर्फिनची सवय झाली आहे, त्याला हे एका झटक्यात समजतं. घाम, काटा, जुलाब, जांभया, आणि आजवर झाकलेलं सगळं दुखणं एकदम उघडं.

तोंडावाटे घेतलेलं नॅलट्रेक्सोन साधारण तासाभरात रक्तात शिगेला पोचतं. दहाला बाटली, अकराला कळा. पहाटेपर्यंत या लहान डोसचा जोर उतरतो, म्हणून पहिल्या रात्री ‘आपोआप’ बरं वाटलं होतं.

उपचारात एक गोष्ट फार सांभाळावी लागते, आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या मित्रांसाठी ती इथे मुद्दाम लिहितो. अशा वेळी मॉर्फिनचा डोस वाढवत नेण्याचा मोह होतो. वाढवू नये. नॅलट्रेक्सोन उतरलं की तोवर टोचलेलं सगळं मॉर्फिन एकदम जागेवर बसतं आणि श्वास मंदावतो. आबांना आधीच दोनदा दिलेलं होतं, म्हणून ऑक्सिजनचा मापक बोटाला लावून दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजायला बसवलं. बाकी, मॉर्फिनच्या वाटेला न जाणारी औषधं वापरली : शिरेतून पॅरासिटामॉल, अगदी लहान डोसमध्ये केटामिन, उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, सलाइन, आणि घाम-धडधड-अस्वस्थता यांसाठी रक्तदाब बघत बघत क्लोनिडिन. पहाटे चारला बाहुल्या लहान व्हायला लागल्या. सहाला अर्धी गोळी मॉर्फिन दिली, दहाला पूर्ण. दुपारी आबा चारवर आले आणि त्यांनी पेज मागितली.

मुलाचे तीन मुद्दे

मुलगा सकाळच्या गाडीनं आला. चाकणला कारखान्यात सुपरवायझर, शिकलेला, बापावर जीव असलेला. त्याच्याकडे फॉरवर्ड केलेले मेसेज नव्हते, छापून आणलेले कागद होते आणि त्यावर पिवळ्या पेनानं रेघा होत्या. त्याला रागवायचं ठरवून मी बसलो असतो तरी ते कागद बघून रागावता आलं नसतं. त्याचं म्हणणं तीन वाक्यांत होतं. शरीर स्वतःचं मॉर्फिन बनवतं आणि ते कॅन्सरला रोखतं. रात्री थोडं नॅलट्रेक्सोन दिलं की शरीर दचकून ते जास्त बनवतं. आणि बाहेरून दिलेलं मॉर्फिन मात्र कॅन्सरला खतपाणी घालतं. तिन्ही वाक्यांत खऱ्याचा अंश आहे. घोळ झाला तो तिथेच.

पहिलं वाक्य. अफूचा अर्क बसायला मेंदूत खास जागा आहेत हे १९७३ साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच सुमारास आणखी दोन ठिकाणच्या संशोधकांनी दाखवलं. मग साहजिक प्रश्न आला की माणसाच्या मेंदूत खसखशीच्या बोंडासाठी निसर्गानं जागा का राखून ठेवावी? उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं काढलं. जेमतेम पाच अमिनो आम्लांची साखळी, दोन प्रकारची, शेवटचा दुवा तेवढा वेगळा, एकात मेथिओनिन आणि दुसऱ्यात ल्यूसिन. पुढच्या वर्षी उंटाच्या पिट्युटरी ग्रंथीतून ३१ दुव्यांचं बीटा-एंडॉर्फिन मिळालं, आणि १९७९ साली डायनॉर्फिन. ही मंडळी स्वतंत्रपणे बनत नाहीत. पेशी आधी एक लांबलचक प्रथिन बनवते आणि गरजेप्रमाणे त्याचे तुकडे करते. बीटा-एंडॉर्फिन ज्या प्रथिनातून निघतं, त्याच पीओएमसी नावाच्या प्रथिनातून ॲड्रेनल ग्रंथीला कामाला लावणारं एसीटीएच हे संप्रेरकही निघतं.

कॅन्सरशी यांचा संबंध इथूनच दिसायला लागतो, कारण काही गाठी हाच कारखाना स्वतःच्या अंगणात थाटतात. फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर हे ठळक उदाहरण. अशा काही रुग्णांत गाठ पीओएमसी बनवते, एसीटीएच रक्तात भरमसाट होतं, पोटॅशियम घसरतं, साखर आणि रक्तदाब चढतात, मांड्यांतली ताकद जाते, कातडी काळवंडते. सोबत बीटा-एंडॉर्फिनचे तुकडेही सुटतात. ॲड्रेनल ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीत एन्केफॅलिन सापडतं. मुलाला मी हेच विचारलं : नैसर्गिक मॉर्फिन नुसतं असण्यानं कॅन्सर आटोक्यात येत असता, तर ते स्वतः बनवणाऱ्या गाठी आपणहून का विरत नाहीत? स्मॉल सेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरमधला सगळ्यात आडदांड.

तरी विषय इथे संपत नाही, आणि संपला असता तर मला इतका रस वाटला नसता. १९९० साली अमेरिकेत मानेकजी आणि मिना यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरपेशी तपासल्या. त्या पेशींवर ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गातल्या द्रव्यांचे, रिसेप्टर होते, त्या ओपिऑइड पेप्टाइडही (एन्केफॅलिनसारख्या अमिनो आम्लांच्या साखळ्या) बनवत होत्या, आणि बाहेरून ओपिऑइड घातलं की त्यांची वाढ मंदावत होती. म्हणजे स्वतःलाच लावलेला लगाम. मग त्यांनी त्यात निकोटिन घातलं, विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात असतं तेवढंच. एकट्या निकोटिननं वाढीवर परिणाम झाला नाही. पण १४ पैकी ९ प्रकारच्या पेशींत निकोटिननं तो लगाम अर्धवट किंवा पूर्ण सोडवला. या पेशी फुप्फुसाच्या, काचेच्या बशीतल्या. गालाला हे जसंच्या तसं लागू करता येत नाही. पण ऑपरेशननंतरही चोरून मिश्री लावणारे आमचे रुग्ण बघतो तेव्हा हा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरं वाक्य, म्हणजे ते पाणी. याचं मूळ पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या हर्शी इथल्या इयान झॅगॉन आणि पॅट्रिशिया मॅकलॉफलिन यांच्या कामात आहे. १९८३ साली त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरचा प्रयोग छापला. उंदरांना न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या कॅन्सरच्या पेशी टोचल्या आणि रोज नॅलट्रेक्सोन दिलं. काहींना वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, काहींना १० मिलिग्रॅम. लहान डोसनं रिसेप्टर दिवसातून चार-सहा तासच अडतात. त्या उंदरांत गाठी कमी आणि उशिरा आल्या. मोठ्या डोसनं दिवसभर अडतात. त्यांच्यात गाठी लवकर आल्या. एकच औषध, उलट परिणाम. फरक फक्त किती वेळ अडवलं याचा.

त्यातून पुढे निघालं ते असं. मेट-एन्केफॅलिन हे दुखणं दाबण्यापलीकडे पेशींच्या वाढीलाही आवर घालतं. या भूमिकेत त्याला ओपिऑइड ग्रोथ फॅक्टर म्हणतात. नाव वाढीचं असलं तरी काम रोखण्याचं. त्याचा रिसेप्टर म्यू, डेल्टा, कप्पा या ओपिऑइड रिसेप्टरांच्या परिचित त्रिकुटातला नाही. तो वेगळ्याच घडणीचा आहे आणि पेशीच्या केंद्रकाजवळ सापडतो. तो चेतला की पेशीत पी१६ आणि पी२१ ही अडसर घालणारी प्रथिनं वाढतात आणि डीएनएची नक्कल करण्याच्या उंबरठ्यावर पेशी थबकते. मरत नाही, थबकते. डोकं-मान भागातल्या कॅन्सरमध्ये हा रिसेप्टर कमी झालेला आढळतो, असंही या गटानं मांडलं आहे. हे शास्त्र भोंदूगिरी नाही. एन्केफॅलिन शिरेतून देऊन स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या थोड्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या. पण मोठ्या तुलनात्मक चाचणीतून पार होऊन ते कॅन्सरचं मान्य औषध झालेलं नाही, आणि कमी डोसचं नॅलट्रेक्सोनही नाही. अमेरिकेत नॅलट्रेक्सोनला १९८४ साली मान्यता मिळाली ती अफूवर्गाच्या व्यसनासाठी, १९९४ साली दारूसाठी. आपल्याकडे ५० मिलिग्रॅमची गोळी मिळते तीही त्याचसाठी. ती पाण्यात विरघळवून साडेचार मिली घ्यायची युक्ती त्या मंजुरीबाहेरची.

मुलाच्या कागदांत एक गोष्ट कुठेच पिवळी केलेली नव्हती. त्या उंदरांना कुणी मॉर्फिन देत नव्हतं. काही तास रिसेप्टर अडवल्यानं त्यांचं फारसं काही बिघडत नव्हतं. आबांच्या बाबतीत ते काही तास म्हणजे गालातला कॅन्सर आणि त्याच्यावर पांघरूण नाही.

इथे एक आडवाट घेतो. तोंडाचा कॅन्सर इतका का दुखतो, यातही याच पेप्टाइडांचा हात आहे. आपल्या कातडीतल्या आणि तोंडाच्या अस्तरातल्या पेशी स्वतःही बीटा-एंडॉर्फिन सोडू शकतात. एंडोथेलिन नावाचं पेप्टाइड एका रिसेप्टरवर बसलं तर दुखवतं आणि बी नावाच्या दुसऱ्यावर बसलं तर त्याच पेशींकडून बीटा-एंडॉर्फिन सोडवून दुखणं शमवतं. २००३ साली हे दाखवलं गेलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दुखवणारं एंडोथेलिन भरपूर असतं, आणि शमवणाऱ्या बी रिसेप्टरचं जनुक मेथिल गटांची कुलपं लावून बंद केलेलं आढळतं. उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं तर दुखणं कमी झालं. म्हणजे आबांच्या गालात शरीराचं स्वतःचं औषध कमी पडतं ते कदाचित गाठीनं जागेवरच तोटी बंद केल्यामुळे. ती तोटी नॅलट्रेक्सोननं उघडत नाही. उलट थोडंफार झिरपत असेल तेही अडतं.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते ऐकून लोक मॉर्फिनच्या गोळ्या गटारात टाकतात. २००२ साली मिनेसोटात उंदरांवर केलेल्या कामात मॉर्फिननं नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत केली आणि स्तनाच्या गाठी वाढल्या, हे खरं. काही गाठींवर म्यू रिसेप्टर जास्त असतात, हेही खरं. पण १९९३ सालचं दुसरं काम आहे. त्यात ऑपरेशन केलेल्या उंदरांत मॉर्फिन दिल्यावर कॅन्सरचं पसरणं कमी झालं, कारण न शमलेलं दुखणं स्वतःच शरीराची राखण ढिली करतं. उंदरांची साक्ष अशी दोन्ही बाजूंनी निघते. माणसांतली सगळ्यात वजनदार चाचणी २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या २,१०८ स्त्रिया, निम्म्यांना जागेवरची भूल आणि ओपिऑइड कमी, निम्म्यांना नेहमीची भूल आणि ओपिऑइड. कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, सुमारे १० टक्के. ही चाचणी ऑपरेशनच्या वेळच्या औषधांची आहे, महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्यांची नाही, हे मी मुलाला सांगितलं. पण मॉर्फिनच्या भीतीनं बापाला तळमळत ठेवावं, इतका पुरावा कुठेच नाही, हेही सांगितलं.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘मग सर, मॉर्फिन बंद करून ते पाणी दिलं तर?’’

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही सरळ दिलं. नॅलट्रेक्सोन सुरू करायच्या आधी अफूवर्गातलं औषध बंद होऊन सात ते दहा दिवस जावे लागतात. आबांना ते दिवस कशाच्या आधारानं काढायला सांगायचं? आणि पलीकडे हातात काय येणार, तर उंदरांवरून बांधलेला अंदाज. कुणाला दुखणं नसेल, ओपिऑइड लागत नसेल आणि एखाद्या रीतसर चाचणीत भाग घ्यायचा असेल, तर मी अडवणार नाही. आबा त्या गटात बसत नाहीत. तो आबांकडे गेला आणि त्यांनाच विचारलं. आबांना बोलायला त्रास होतो, तरी बोलले : ‘‘ते पाणी तू पी.’’

कशामुळे सुटलं, कुठे अडलं

या प्रकरणात रोगाचं निदान दोन ठिकाणी अडलं. एक, मॉर्फिनचा गुण गेला की आजार वाढला असं समजायची आम्हा डॉक्टरांची सवय. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण आजार वाढल्यानं दुखणं सहसा एका रात्रीत तीनवरून नऊवर जात नाही, गेलंच तर बाहुल्या मोठ्या होत नाहीत, आणि रोज ठरावीक वेळी सुरू होऊन पहाटे उतरतही नाही. घड्याळ लावून येणारं दुखणं दिसलं की तोंडावाटे काय जातंय ते शोधावं.

दुसरं, आमचा प्रश्नच तोकडा होता. ‘दुसरं औषध’ म्हटलं की आपल्याकडे माणसं बीपी-शुगरच्या गोळ्या सांगतात. काढे, भस्म, थेंब, पावडरी, फ्रिजमधली बाटली, बुवानं दिलेली पुडी, हे त्यांच्या लेखी औषधात मोडत नाही. ‘प्रतिकारशक्ती’ असं नाव पडलं की मग तर नाहीच. आता ओपीडीत सिस्टर विचारतात ते असं : सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात, नाकात, अंगाला, काय काय? उत्तरं ऐकून दर आठवड्याला करमणूक होते, आणि अधूनमधून एखादा आबा वाचतो.

मॉर्फिन मुळातच लोकांच्या हाताला सहज लागत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं ते इतकं आवळलं होतं की दवाखाने ठेवायलाच घाबरत. २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सैल झाले, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवता येतं. तरी जिल्ह्यात ते कुठे मिळतं हे अजून शोधावं लागतं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकवणारा आपला देश, आणि कॅन्सरचा रुग्ण मॉर्फिनच्या गोळीसाठी वडाप बदलत मिरजेला येतो. इतक्या खटपटीनं हाती आलेली गोळी घरातल्याच एका बाटलीनं निकामी व्हावी, याचा मला त्या रात्री सगळ्यात जास्त वैताग आला होता.

आबा तिसऱ्या दिवशी घरी गेले. डोस तोच, दिवसाला ६०. पुढे महिनाभरानं दुखणं खरोखर वाढलं, तेव्हा गोळी १५ ची केली आणि गुण आला. या वेळी बाहुल्या बारीक होत्या. मुलगा दर रविवारी फोन करतो आणि नवीन काही वाचलं की आधी मला पाठवतो. परवा त्यानं विचारलं की खेड्यातला डॉक्टर दुखण्यावर पेंटाझोसिनचं इंजेक्शन देतो ते चालेल का. नेमका प्रश्न. पेंटाझोसिन डायनॉर्फिनच्या कप्पा रिसेप्टरवर काम करतं, पण म्यू रिसेप्टरवर मॉर्फिनला हुसकावतं, त्यामुळे आबांच्या बाबतीत त्यानंही तीच रात्र पुन्हा उभी राहिली असती. आबांच्या कार्डाच्या वरच्या बाजूला लाल शाईत लिहून दिलं आहे : रुग्ण मॉर्फिनवर आहे. पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, नॅलट्रेक्सोन देऊ नये. शंका असल्यास आधी बाहुल्या बघाव्यात आणि खालच्या नंबरवर केव्हाही फोन करावा.